चितरीच्या पिल्लांची वाटणी

॥ गावदेवी प्रसन्न ॥

मी, ज्ञानेश्वर चांगो विशे, वय वर्षे त्रेपन्न, धंदा शेती व हातपंप दुरुस्ती, राहणार मौजे कुडेशेत, तालुका मुरबाड, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र माझ्या पडवीत बसून, माझ्या हाताने, निळ्या पेनाने लिहीत आहे. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणाचाही दाब नाही. उलट दाब आहे तो न लिहिण्यासाठी, आणि तो माझी पत्नी सौ. ललिता हिचा आहे. "धडधाकट माणसानं असलं अभद्र लिहू नये," असे ती आतून आतापर्यंत तीनदा म्हणालेली आहे.

माझे डोके ठिकाणावर आहे. पुरावा असा की, आज माझ्याकडे एकतीस पाखरे आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकाची आई कोण, आणि ते कोणत्या महिन्यात अंड्यातून बाहेर आले, हे मी वही न उघडता सांगू शकतो. ज्याला शंका असेल त्याने यावे आणि विचारावे. चहा मिळेल.

धडधाकट असताना हे का लिहितो, तेही सांगतो. गेल्या वैशाखात धसईला माझ्या ओळखीचे एक गृहस्थ वारले. त्यांनी वीस वर्षे गावठी कोंबड्या राखल्या होत्या, अस्सल, लांब पायांच्या. कागद काही केला नव्हता. उत्तरकार्य झाले आणि पुढच्याच रविवारी मुलांनी सगळीच्या सगळी तिखटात घातली. मी जेवायला होतो. रस्सा उत्तम होता, हे खोटे बोलणार नाही, पण मी दुसऱ्यांदा वाढून घेतला नाही. वीस वर्षांची निवड एका दुपारी संपली. त्या दिवशी ठरवले की आपला कागद करायचा.

मुरबाडला अर्जनवीसाकडे गेलो. तो म्हणाला, "घर सांगा, जमीन सांगा, दागिने सांगा."

मी म्हटले, "कोंबड्यांपासून सुरू करू."

"कोंबड्या मृत्युपत्रात लिहीत नाहीत हो."

"कायद्यात मनाई आहे?"

"मनाई नाही, पण आजवर कोणी..."

"मग मी पहिला," म्हटले आणि उठलो. मी नववी नापास आहे. पण हातपंप मी कोणाकडून शिकलो नाही, खोलून खोलून शिकलो. कोंबड्यांचे सगळे शास्त्र वाचून आणि पाहून शिकलो. मृत्युपत्र काय, पंपापेक्षा अवघड नाही. मात्र अर्जनवीसाने दोन गोष्टी फुकट सांगितल्या त्या कामाच्या: साक्षीदार दोन लागतात, आणि ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याला साक्षीदार करू नये, पुढे भांडण होते. पहिली साक्षीदार ठरली आहे. दुसऱ्याची जागा तूर्त कोरी ठेवतो.

आणखी एक, सुरुवातीलाच. घर आणि जमीन यांच्यासाठी हा कागद नाही, ती कायद्यानेही गेली असती. हा कागद कोंबड्यांसाठी आहे, आणि माझा धाकटा भाऊ नवसू याच्यासाठी आहे. आमच्या अंगणात मध्ये कारवीचे कुंपण आहे. त्याच्या पलीकडे तो राहतो आणि अकरा वर्षे आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. त्याचे कलम सहावे. घाई असेल त्याने थेट तिथे जावे, पण मग मधले चांगले चांगले राहून जाईल.

कलम १. घर. वडिलांच्या घराची वाटणी झाली तेव्हा माझ्याकडे आलेला उगवतीकडचा अर्धा भाग, पडवी, मोरी आणि मी स्वतः बांधलेले खुराडे, ही ललिताने हयातभर वापरावीत. तिच्या मागे विनोद आणि समीक्षा यांना सारखी. खुराड्याचे तोंड पूर्वेला आहे ते बदलू नये. सकाळचे ऊन आत गेले की ओल राहत नाही आणि ओल राहिली नाही की पिल्ले खोकत नाहीत. दाराची आडवी फळी वर-खाली सरकवायची आहे, बाजूला ओढायची नाही. मुंगूस बाजूला ओढायला शिकले आहे. वर उचलायला अजून शिकलेले नाही.

कलम २. जमीन. भाताचे एक एकर बारा गुंठे, दोन्ही मुलांना सारखे. विकायचे झाले तर आधी नवसूला विचारावे. बँकेतले पुस्तक ललिताचे. त्यात काय आहे ते तिला माहीत आहे, माझ्यापेक्षा जास्त.

कलम ३. हत्यारे. पाइप रेंच तीन, पाने एक संच, साखळी, तिपाई व इतर, चिरंजीव विनोदला. तो वाशिंदला कारखान्यात सुपरवायझर आहे आणि तिथेच नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो. त्याला पाना धरता येतो, पण धरल्यावर परत जागेवर ठेवता येत नाही. म्हणून प्रत्येक हत्याराची आकृती मी भिंतीवरच्या फळीवर खडूने काढून ठेवली आहे. आकृती रिकामी दिसता कामा नये.

कोंबड्या मात्र विनोदला नाहीत. दिवाळीत मी सहज विचारले, "माझ्या मागे यांचं काय करशील रे?" तर म्हणाला, "पप्पा, फ्रीज मोठा घ्यावा लागेल." सगळे हसले. मीही हसलो. पण मला धसईचा रस्सा आठवला.

कलम ४. उबवणीची पेटी व वह्या. बंद पडलेल्या फ्रीजपासून मी बनवलेली पेटी, दोन बल्ब, पंखा आणि थर्मामीटर यांसह, गावच्या शाळेला. मुलांनी बघावी. इथे एक दुरुस्ती करायची आहे. सहाव्या वहीत मी लिहिले आहे: "पेटीचा पहिला प्रयोग यशस्वी, चाळीस अंड्यांतून सतरा पिल्ले." हे अर्धसत्य आहे. एकोणिसाव्या दिवशी भर दुपारी वीज गेली आणि चार तास आली नाही. मी मुरबाडला सुटा भाग आणायला गेलो होतो. ललिताने एकेक अंडे उचलले, गोधडीत घेतले आणि तीन खुडूक कोंबड्यांच्या पोटाखाली वाटून टाकले. सतरा पिल्ले कोंबड्यांनी आणि ललिताने काढली. पेटीने तेवीस अंडी नासवली. मी परत आलो तेव्हा ती म्हणाली होती, "तुमच्या फ्रीजला आता पाण्याच्या बाटल्यांसाठी वापरू या का?" हा टोमणा मी तेव्हा वहीत नोंदवला नाही. आता नोंदवतो.

एकोणीस वह्या, प्रत्येकी दोनशे पानी, मुलगी समीक्षा हिला. ती शहापूरला दवाखान्यात नर्स आहे, तिचे अक्षर माझ्यासारखे आहे आणि तिला औषधाचे महत्त्व कळते. समीक्षा, पिल्लांना मानमोडी रोगाची लस सातव्या दिवशी डोळ्यात एक थेंब. दोन नाही. बर्फाच्या डब्यातून आणायची. लोक खिशातून आणतात आणि मग लसीला नावे ठेवतात.

वह्यांत जे आहे त्याचे सार थोडक्यात देतो, म्हणजे वह्या हरवल्या तरी चालेल. कोंबडीखाली अंडी विषम ठेवतात, अकरा नाहीतर तेरा. अवसेला बसवत नाहीत. मी तीन वर्षे दोन्ही प्रकारे बसवून पाहिली, काही फरक पडत नाही. तरी विषमच ठेवावी आणि अवस टाळावी, कारण ललिता ऐकत नाही आणि कोंबडी बसवायला हात तिचाच लागतो. सातव्या दिवशी अंडे टॉर्चवर धरावे. आत कोळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव आहे. दोन वर्षांनी कोंबडा बाहेरचा आणावा, नाहीतर पाखरे खुरटतात. धसईच्या बाजारात एका इसमाने मला गावठी म्हणून एक दुभेळ, संकराचा, कोंबडा विकला होता. नाव लिहीत नाही, त्याला कळेल. त्याला मी माफ केले आहे. कोंबडा परत केला नाही, कारण तो चुलीवर फार चांगला शिजला.

पिल्लांना पहिले आठ दिवस वाळवी द्यावी. मडक्यात शेण आणि पेंढा ओला करून भरायचा, वारुळाजवळ उपडे ठेवायचे, सकाळी उचलले की खाली पांढरी वाळवी भरलेली. हे मी स्वतः शोधून काढले, असे मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. परवा भिमीसमोरही बोललो. भिमी जैतू वाघ, गावाच्या कडेच्या वाडीत राहते आणि आमची कोंबड्या ठेवायची डालगी विणून देते. ती विणता विणता म्हणाली, "सोता शोधलंस? मग मी पंधरा वर्सांपूर्वी त्या मडक्यावर बसून काय भजन म्हणत होते?"

बरोबर आहे. मडके भिमीने दाखवले. मी फक्त वहीत लिहिले.

कलम ५. भिमी. हिला एक तलंग, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेली कोवळी कोंबडी, द्यायची माझी फार इच्छा होती. पण मृत्युपत्रात दिली तर ती साक्षीदार होऊ शकत नाही आणि तिच्यासारखी खरे बोलणारी साक्षीदार मला तालुक्यात मिळणार नाही. त्यावर मी तोड काढली: तलंग कागदावर न देता सोमवारीच तिच्या हातात दिली. आता भिमीला माझ्याकडून काहीही मिळायचे नाही आणि ती मोकळेपणी साक्ष देऊ शकते. अर्जनवीसालासुद्धा हे सुचले नसते. वरची एकतीस ही संख्या ती तलंग वजा करून आहे.

कलम ६. चितरी, नवसू आणि अर्धी पाखरे. हे कलम मी चार वेळा लिहून फाडले. आता फाडणार नाही.

नवसू माझ्याहून सहा वर्षांनी लहान. त्याच्यासाठी आईने गावदेवीला कोंबडा बोलला होता, म्हणून नाव नवसू. तो कोंबडा मी दाणे टाकून वाढवला होता. भाऊ आला आणि माझा कोंबडा गेला, तेव्हापासून मी त्याला चिडवायचो, "तू मला एका कोंबड्याला पडलास." तो म्हणायचा, "मग महाग पडलो की स्वस्त?" असे आम्ही होतो.

घराची वाटणी झाली तीही गोडीने. अंगणात कुंपण घातले ते भाजी वेगवेगळी लावायची म्हणून. पण कुंपण माणसांना कळते. चितरीला ते कळले नाही. चितरी म्हणजे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची कोंबडी, लग्नानंतर ललिताने किन्हवलीहून, तिच्या आईकडून, डालग्यातून आणलेल्या कोंबडीच्या वंशातली. ती रोज सकाळी कुंपणाखालून पलीकडे जायची आणि नवसूच्या पडवीत जुन्या टोपलीत अंडे घालायची. नवसूची बायको रंभा ते अंडे कुंपणाच्या खांबावर एका वाटीत ठेवायची आणि ओरडायची, "ललितावयनी, तुमची लेक सासरी अंडं देऊन गेली गो!" तीन वर्षांत त्यांनी एकही अंडे ठेवून घेतले नाही.

२०१४ साली, ७ जुलैपासून वाटीत अंडे येईना. माझ्या वहीत रोजची नोंद आहे: "चितरी: अंडे नाही. तुरा लाल." अठरा दिवस मी हेच लिहिले. २४ जुलै, गुरुवारी, चितरी संध्याकाळी खुराड्यात परतली नाही. दुसऱ्या दिवशी नवसूकडे गटारी होती, सासरची माणसे आलेली, आणि कुंपणापलीकडून रश्श्याचा वास. मी गेलो. पाहुण्यांसमोर उभा राहिलो आणि म्हटले, "माझी चितरी खाल्लीस ना?"

तो म्हणाला, "दादा, बॉयलर हाय, बाजारातला. हाडं बघ."

मी हाडे पाहिली नाहीत. कोंबडीच्या हाडांवरून जात सांगणारा मी, पण पाहिली नाहीत. म्हणालो, "पचव. पण पुन्हा मला तोंड दाखवू नकोस."

त्याने दाखवले नाही.

१५ ऑगस्टला सकाळी मी झेंडावंदनाला निघालो होतो. नवसूच्या अंगणातल्या पेंढ्याच्या उडवीतून चितरी बाहेर आली, कुंपणाखालून इकडे आली, आणि तिच्यामागे अकरा पिल्ले. मी तिथेच उभा राहिलो. शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येत होते, त्यामुळे उभे राहणे गैर दिसले नाही.

नंतर मी कुंपणावरून उडवीकडे पाहिले. पोकळीच्या तोंडाशी मुंगूस येऊ नये म्हणून काटे लावलेले, आत हात जाईल एवढीच वाट ठेवलेली, आणि जवळ कण्यांची वाटी आणि पाण्याचे भांडे. म्हणजे ज्या माणसाला मी चोर म्हणालो तो तीन आठवडे माझी कोंबडी राखत होता.

चूक कोणाची, तर वाचणाऱ्याची. जिचा तुरा लालभडक आहे ती कोंबडी अंडी घालतेच. आपल्याला मिळत नसतील तर ती दुसरीकडे साठवते आहे आणि लवकरच लपून बसणार आहे, हे कुडेशेतातल्या कोणत्याही बाईने सांगितले असते. मी अठरा दिवस "तुरा लाल" असे स्वतःच्या अक्षरात लिहिले आणि ते वाचले नाही. आणि त्या दिवशी वहीत काय लिहिले, तर: "११ पिल्ले. सर्व माझी."

आमच्याकडे कोंबडी अर्ध्यावर देण्याची रीत आहे. कोंबडी एकाची, ती बसवायची आणि राखायची दुसऱ्याने, निघालेली पिल्ले दोघांत अर्धी. चितरी नवसूच्या उडवीत बसली, त्याच्या पेंढ्यात, त्याच्या कण्यांवर. साडेपाच पिल्ले त्याची होती. मी त्याच दिवशी कुंपण ओलांडायला हवे होते. रोज वाटायचे, उद्या. अकरा वर्षे उद्या झाली. अंडी तेवढी रंभाच्या वाटीतून येत राहिली, कारण चितरीच्या लेकीही पलीकडेच घालतात. वाटी ठेवताना रंभा आता ओरडत नाही, नुसती ठेवते.

माझी आजची एकतीसही पाखरे त्याच अकरांच्या वंशातली आहेत. कोंबडे काय ते बाहेरचे आणले, पण आजचा कोंबडा, फौजदार, तेवढा इथलाच. सबब, माझ्या मृत्यूनंतर अर्धी पाखरे नवसू चांगो विशे यास द्यावीत. एकतिसाचे अर्धे साडेपंधरा होतात, याची मला कल्पना आहे. त्याचा विचार चालू आहे. उरलेली अर्धी ललितास.

कलम ७. माझे कार्य. खुराड्यातले एकही पाखरू माझ्या कार्याच्या तिखटात घालू नये. पाहुण्यांसाठी बाजारातून बॉयलर आणावा. पिंडाला कावळा शिवला नाही तर घाटावर ताटकळू नये आणि माझ्या नावाने वाटेल ती वचने देऊ नयेत. पिंड फौजदारासमोर ठेवावा. त्याने आजवर काहीही नाकारलेले नाही.

इथवर शुक्रवारी लिहून झाले. सही करणार, तेवढ्यात शनिवार उजाडला. त्यामुळे पुढील पुरवणी जोडावी लागत आहे.

पुरवणी. मी हे कोणाला सांगितले नव्हते, ललिताला सोडून. ललिताने ते कोणाला सांगितले नाही, रंभाला सोडून. शनिवारी सकाळी मी मडके उचलून पिल्लांना वाळवी टाकत होतो, तर कुंपणापलीकडे कोणीतरी खाकरले.

"दादा."

मी मडके खाली ठेवले. "बोल."

"तू मरतोयस का?"

"नाय."

"मग रंभा काय सांगते? तू मेल्यावर मला कोंबड्या, असा कागद केलास म्हणे."

"केला."

"म्हणजे मी आता काय करायचं? रोज सकाळी उठून बघायचं, दादा हाय का गेला? तुझी तब्येत माझ्यापेक्षा बरी. मीच आधी गेलो तर?"

हा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता, हे कबूल करतो.

"भिमीला हातात दिलीस," तो म्हणाला, "आणि सख्ख्या भावाला कागदावर?"

भिमीची तोड मलाच सुचली होती आणि ती माझ्यावरच आली. आत गेलो, कागद आणले आणि कुंपणाच्या अलीकडे उभा राहून कलम सहा मोठ्याने वाचले. तो खांबाला टेकून ऐकत होता. मागे रंभा येऊन उभी राहिली, हात पिठाचे. "तुरा लाल" आले तेव्हा ती हसली आणि पदर तोंडाला लावल्यावर पीठ गालाला लागले. काट्यांपाशी नवसूने थांबवले.

"कसले काटे, ते लिवलंस?"

"नुसते काटे लिहिले."

"करवंदीचे होते. हाताला लागून बोटं पिकली होती. नीट लिही, एवढा वह्या भरतोस तर."

दुरुस्ती: काटे करवंदीचे होते.

मी विचारले, "तू मला सांगितलं का नाहीस रे? कोंबडी उडवीत आहे एवढं?"

"तूच बोललास ना, तोंड दाखवू नको. तोंड न दाखवता सांगू कसं?"

"ललिताला सांगायचंस."

"मग तू बोलला असतास, भाऊ पाठीमागनं बोलतो." तो कुंपणाची एक काठी हलवत होता. "मला वाटलं, पिल्लं घेऊन ती आपोआप येईल तुझ्याकडं. मग तू येशील. ती आली. तू नाय आलास."

तेव्हा मी म्हटले, "नवसू, मी चुकलो." तो शब्द मी इथे लिहून ठेवतो, म्हणजे लेखी राहील. मी चुकलो.

त्याने हातातली काठी जोरात हलवून पाहिली. मग म्हणाला, "ही काठी कुजली हाय," आणि उपटली. शेजारची कुजलेली नव्हती, तीही उपटली. माणूस जाईल एवढी वाट झाली आणि तो तिच्यातून आत आला. त्याच्याआधी दोन कोंबड्या तिकडे गेल्या, त्यांना आता खाली वाकावे लागत नव्हते.

वाटणी संध्याकाळी, पाखरे परतायच्या वेळेला केली. डालगी भिमीने आणली. एक नवसूला, एक इकडे, एक नवसूला, एक इकडे, असे ललिताने वाटायचे ठरले. पहिले पाखरू उचलतानाच ती थांबली.

"आणि या कागदात माझं काय लिहिलंय?"

"अर्धी तुला, माझ्या मागे."

"मला? पहिली कोंबडी कुणाची? किन्हवलीहून कुणी आणली?"

"तू."

"कुणाच्या आईनं दिली?"

"तुझ्या."

"मग माझ्याच कोंबड्या मला देणारे तुमी कोण?"

रंभा म्हणाली, "बरोबर हाय वयनीचं." भिमी म्हणाली, "बरोबर हाय." नवसूही म्हणाला, "दादा, बरोबर हाय." मी कायद्याने विचार करून पाहिला. बरोबर आहे.

पंधरा नवसूकडे गेली. पंधरा ललिताकडे राहिली. शेवटी उरला फौजदार. साडेपंधराचा प्रश्न असा एका पायावर उभा राहून आमच्याकडे बघत होता. मी म्हटले, चिठ्ठी टाकू. तेवढ्यात तो कुंपणाच्या वाटेत गेला, बरोबर मध्ये उभा राहिला आणि अवेळी आरवला. नवसू म्हणाला, "त्यानं निकाल दिला. तो दोन्हीकडचा." ललिताने सगळ्यांसाठी चहा ठेवला. नवसू माझ्या पाटावर बसून चहा प्यायला आणि कप उचलून मोरीत ठेवला, जसा पूर्वी ठेवायचा.

सबब, या पुरवणीने पुढीलप्रमाणे दुरुस्त्या करतो. कलम सहामधील नवसूला द्यावयाची पाखरे त्याला हातात पोचली असल्याने ते देणे रद्द. ललिताला द्यावयाची पाखरे मुळातच तिची असल्याने तेही रद्द. फौजदार सामाईक. म्हणजे आजच्या तारखेला मी, ज्ञानेश्वर चांगो विशे, तालुक्यातला गावठी कोंबड्यांचा एवढा जाणता माणूस, माझ्या नावावर एकही कोंबडी नाही. वाळवीचे मडके तेवढे माझ्याकडे आहे. ते भिमीचे निघते. एवढे हलके मला पुष्कळ वर्षांत वाटले नव्हते. त्याची नोंद विसाव्या वहीत पहिल्या पानावर केली आहे.

कलम सात कायम. बॉयलरच आणावा.

आता नवसूला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही, त्यामुळे तो साक्षीदार होण्यास पात्र आहे. कोरी ठेवलेली जागा त्याची.

वरील सर्व मजकूर मी वाचला, समजलो, तीन ठिकाणी खोडून नीट केला, आणि खुशीने खाली सही करतो.

ठिकाण: कुडेशेत, तालुका मुरबाड
दिनांक: ७ डिसेंबर २०२५, रविवार, सकाळी साडेआठ, पाखरे सोडल्यानंतर

(सही) ज्ञानेश्वर चांगो विशे

साक्षीदार पहिली: (सही) भिमी जैतू वाघ. सही तिने स्वतः केली आहे, अंगठा नाही. "मडक्याचं लिवलं का?" असे विचारून, वाचून घेऊन मग केली.

साक्षीदार दुसरा: (सही) नवसू चांगो विशे, भाऊ. सहीखालची ओळ त्याच्या हातची आहे. मी खोडणार होतो, पण साक्षीदाराचे म्हणणे खोडता येत नाही, म्हणून राहू दिली:

*दादाने माझ्यासमोर सही केली. आणि तो बॉयलरच होता.*